वाइनच्या पिंपात मुरलेली बेल्जियन ‘वाइल्ड एल’ पहिल्यांदा चाखताना: सांगलीकरांसाठी मार्गदर्शक

आपल्याकडे बिअर म्हटलं की ती कडक हवी, चिल्ड हवी आणि चकणा झणझणीत हवा. या तीन अटी डोक्यात ठेवून कुणी जंगली यीस्टवर आंबवलेली, वाइनच्या लाकडी पिंपात मुरलेली बेल्जियन पद्धतीची एल (बिअरचाच एक प्रकार) उघडली, की पहिल्या घोटाला वाक्य ठरलेलं: “आरं, ही तर नासलीय की!” मग कुणाच्या तरी भाच्यानं ब्रसेल्सहून कपड्यांत गुंडाळून आणलेली महागडी बाटली मोरीत जाते.

ही बिअर आंबट असते, कारण ती तशीच करायची असते. पण आंबट आहे म्हणजे चांगलीच असणार, हेही खरं नाही. हौशी मंडळी बिघडलेल्या बाटलीलाही ‘फंकी’ (म्हणजे मुद्दाम आणलेल्या उग्र वासाची) म्हणून माना डोलावताना मी पाहिली आहेत. चांगला आंबटपणा आणि बिघाड यांतला फरक तुम्हाला स्वतःच्या नाकानं कळावा, एवढ्यासाठी हे लिहितोय.

१. बाटलीत काय आहे ते आधी समजून घ्या

नेहमीच्या बिअरमध्ये जवाचा माल्ट (मोड आणून वाळवलेला जव), हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), पाणी आणि कारखान्यात पाळलेलं यीस्ट असतं. ते यीस्ट आठ-पंधरा दिवसांत साखर खाऊन मोकळं होतं. वाइल्ड एलमध्ये त्याच्या जोडीला ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट असतं. बिअरवाले त्याला नुसतं ‘ब्रेट’ म्हणतात. १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लॉसेन नावाच्या शास्त्रज्ञानं इंग्लंडच्या मुरलेल्या बिअरमधून ते वेगळं काढलं. ब्रेट सावकाश काम करतं, महिनोन् महिने. साध्या यीस्टला न पचणारी साखरही ते खातं, म्हणून ही बिअर बहुतेकदा अगदी कोरडी लागते, गोडीचा मागमूस नसतो.

आंबटपणा मात्र ब्रेटचा नव्हे. तो येतो लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस या जिवाणूंमुळे, म्हणजे आपल्या ताका-दह्यात काम करणाऱ्यांच्या भाऊबंदांमुळे. साध्या बिअरचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आंबट) ४ ते ४.५ च्या आसपास असतो, या बिअरचा ३.५ च्या खालीही जातो. हा फरक आकड्यात लहान दिसतो, जिभेवर नाही.

ब्रसेल्सच्या परिसरात लँबिक नावाचा प्रकार करतात, त्यात यीस्ट घालतच नाहीत. थंडीच्या महिन्यांत उकळलेला माल्टचा रस रुंद, उथळ टाकीत रात्रभर उघडा ठेवतात. हवेतले आणि त्या जुन्या इमारतीतले जीव त्यात उतरतात, आणि मग रस पिंपात जातो. १९०० साली सुरू झालेली ब्रसेल्सची कँटियों ही ब्रुअरी आजही असंच करते. एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेले लँबिक एकत्र करून बाटलीत पुन्हा फसफसू दिले की ग्यूझ तयार होते. बाकी जगात ‘वाइल्ड एल’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं प्रयोगशाळेत वाढवलेलं ब्रेट मोजून घालून केलेलं असतं. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ‘जंगली’ शब्दाला भुलू नका.

आता पिंपाबद्दल. बोर्दोचं नेहमीचं ओक पिंप २२५ लिटरचं असतं. दोन-चार वेळा वाइन मुरवली की लाकडाचा व्हॅनिलासारखा वास बराचसा उतरतो, आणि नेमकं असंच वापरून झालेलं पिंप बिअरवाल्यांना हवं असतं. लाकडात वाइन जिरलेली असते, फटींतून थोडा थोडा ऑक्सिजन आत जातो, आणि लाकडाच्या छिद्रांत ब्रेट घर करून राहतं.

आपण द्राक्षपट्ट्यातले, म्हणून एक खुलासा. “वाइनची चव” म्हटलं की तासगाव-पलूसच्या माणसाला थॉमसन जातीचं द्राक्ष आठवतं. आपली द्राक्षं बहुतेक खायची आणि बेदाण्याची. रेड वाइनची कॅबरने किंवा शिराझ म्हणजे बारीक मणी, जाड साल आणि बिया. रंग आणि तुरटपणा साल-बियांतून येतो. तेव्हा पिंपातून आलेल्या चवीत बागेतल्या घडाची गोडी शोधू नका. आणि द्राक्षावरचा पांढुरका थर म्हणजे यीस्ट, असं पुष्कळ जण सांगतात. तो थर मेणाचा असतो. सालीवर जंगली यीस्ट असतं खरं, पण ते डोळ्यांना दिसत नाही.

२. थेट वरच्या पायरीवर उडी मारू नका

आजवर फक्त नेहमीची बिअर, म्हणजे लागर, प्यायला असाल, तर वर्षानुवर्षं मुरलेली ग्यूझ पहिली उघडू नका. माझ्या मते क्रम असा असावा:

- आधी बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर. हुगार्डन आपल्याकडे मिळते. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल असते, आंबटपणा नाममात्र.
- मग सेझों, म्हणजे वॅलोनियातल्या (दक्षिण बेल्जियममधल्या) शेतावरची कोरडी, मिरीसारखी चुरचुरीत एल.
- मग ओरव्हाल ही बेल्जियन बिअर. हिला पिंप लागत नाही, पण बाटलीत भरताना ब्रेट घालतात. ताजी असताना हॉप्सचा वास पुढे असतो, सहा महिन्यांनी ब्रेटचा. ब्रेट एकट्याचं कसं असतं ते शिकायला हिच्याइतकी चांगली बाटली नाही.
- मग फ्लँडर्स रेड, म्हणजे उत्तर बेल्जियममधल्या फ्लँडर्सची लाल बिअर. रोडनबाख हे यातलं मोठं नाव, तिथे बिअर ओकच्या प्रचंड पिंपांत मुरते. लालसर, चेरीसारखी, आंबट पण थोडी गोडही. बहुतेकांना हीच पहिली आवडते.
- आणि शेवटी वाइनच्या पिंपातली वाइल्ड एल किंवा ग्यूझ.

सगळ्या मिळतीलच असं नाही. मधली एखादी पायरी गाळली तरी चालेल.

३. बाटली आणि कागदपत्रं

सांगली-मिरजेच्या वाइन शॉपमध्ये या बाटल्या मिळतील या भरवशावर राहू नका. पुण्या-मुंबईतली आयात मद्याची मोठी दुकानं, पुण्याच्या मायक्रोब्रुअरींचे अधूनमधून होणारे प्रयोग, नाहीतर परदेशातून येणारा नातेवाईक, एवढेच मार्ग.

- वय: महाराष्ट्रात सौम्य बिअरला २१ आणि कडक मद्याला २५ वर्षं पूर्ण लागतात. या एलमध्ये बहुधा ५ ते ८ टक्के अल्कोहोल असतं, तेव्हा २५ धरूनच चला. ओळखपत्र जवळ हवं.
- परवाना: पिण्यासाठी आणि बाळगण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा आणि आजीवन असे तीन प्रकार आहेत. हौस टिकणार असेल तर सरळ आजीवन काढा.
- बिल: बाटली संपेपर्यंत फेकू नका.
- परदेशातून आणताना: भारतात येणाऱ्या प्रवाशाला सगळं मद्य मिळून २ लिटरपर्यंत शुल्कमाफी आहे. ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात. त्या चेक-इन सामानात टाका, हातातल्या बॅगेत घेतल्या तर सुरक्षा तपासणीत जातील.
- गोव्यातून: “स्वस्त पडते” म्हणून गाडीत टाकून आणू नका. परवानगीशिवाय गोव्याचं मद्य महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि आंबोली असो की फोंडा, नाक्यावर गाड्या तपासतात.

लेबल वाचताना ‘वाइल्ड’, ‘ब्रेट’, ‘बॅरल एज्ड’ (पिंपात मुरलेली), ‘लँबिक’ किंवा ‘फ्लँडर्स’ हे शब्द शोधा. नुसतं ‘सावर’ (sour, म्हणजे आंबट) लिहिलं असेल, तर ती बहुधा स्टीलच्या टाकीत दोन-तीन दिवसांत आंबट केलेली असते. प्यायला छान लागते, पण तिला ना पिंप माहीत असतं ना ब्रेट. बाटलीत भरल्याची तारीख जरूर बघा.

४. घरी आल्यावर: उन्हाळा हा पहिला शत्रू

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. पुण्याहून येताना बाटली गाडीच्या डिकीत चार तास भाजली, तर पुढचं सगळं व्यर्थ. आइस बॉक्स घ्या. घरी फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, उभी ठेवा आणि निदान एक-दोन दिवस हलवू नका, म्हणजे गाळ तळाला बसेल. काचेच्या शोकेसमध्ये मांडून ठेवण्याचा मोह टाळा. उजेडानं हॉप्सचा वास बिघडतो आणि हिरव्या बाटलीत तर फारच लवकर.

बाटलीत ब्रेट जिवंत असतं. उष्णतेत ते जोरात काम करतं आणि आतला दाब वाढतो. बूच वर सरकलेलं किंवा बाजूनं चिकट ओघळ दिसला, तर ती बाटली चांगली गार केल्याशिवाय आणि टॉवेलात धरल्याशिवाय उघडू नका.

५. नाक तयार करा

या भागासाठी बाटली लागत नाही, म्हणून लोक तो गाळतात. सगळ्यात जास्त उपयोग मात्र याचाच होतो. आदल्या दिवशी किंवा त्याच संध्याकाळी सात-आठ वाट्या मांडा:

- दह्याची निवळ
- ग्लासभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर
- दुधाशिवाय जास्त उकळलेला चहा, गार केलेला
- चांगला बेदाणा, तेल न चोळलेला मिळाला तर उत्तम
- दोन ठेचलेल्या लवंगा
- औषधाच्या दुकानातली जखमेवरची चिकटपट्टी, नुकती फोडलेली
- नव्या कोल्हापुरी चपलेचा तळ (हा फक्त हुंगायचा, हे सांगायला नको)
- मूठभर वाळला कडबा

आधी निवळ आणि व्हिनेगर आलटून पालटून घ्या, एकेक चमचा. निवळीचा आंबटपणा जिभेच्या कडांना लागतो, तोंडाला पाणी सुटतं आणि तो तिथेच थांबतो. व्हिनेगर आधी नाकात चढतो, मग घशाला टोचतो. पहिलं लॅक्टिक आम्ल, दुसरं अ‍ॅसिटिक. वाइल्ड एलचा कणा लॅक्टिक असतो. अ‍ॅसिटिक चिमूटभर चालतं, फ्लँडर्स रेडमध्ये तर ते हवंच, पण त्याचा अंमल झाला की बिअर हातची गेली. हे दोन आंबट वेगळे ओळखता आले की निम्मं काम झालं. पाच-सहा वेळा करा, डोळे मिटून करा, घरच्यांना वाट्या बदलायला सांगा.

कोरा चहा तुरटपणासाठी. हिरड्या आवळल्यासारख्या होतात ना, पिंपातलं ओक आणि रेड वाइन तेच करतात. द्राक्षाच्या बिया चावूनही हे कळलं असतं, पण आपली द्राक्षं बिनबियांची. जांभळाच्या दिवसांत जांभूळ घ्या.

लवंग, चिकटपट्टी, चामडं आणि कडबा हे ब्रेटचे वास. पुस्तकांत ‘घोड्याचा तबेला’ असं वर्णन असतं. आपल्याला घोड्यापेक्षा गोठा जवळचा. मिरज तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीवर सकाळी धार काढायच्या वेळी गोठ्यात पाच मिनिटं उभे राहा: वाळली वैरण, जनावराच्या अंगाची ऊब, दावणीचं ओलं लाकूड, आणि या सगळ्याच्या तळाशी शेणामुताचा दर्प. पहिले तीन वास बिअरमध्ये आले तर आनंद माना. चौथाच पुढे आला तर प्रमाण बिघडलंय.

६. सामान आणि खोली

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा असावा. नसेल तर वाइनचा साधा ग्लास, पोट मोठं आणि तोंड अरुंद असलेला. स्टीलचा पेला नको, बिअर मगही नको. ग्लास साबणानं धुतला असेल तर गरम पाण्यानं तीन-चारदा खळबळून घ्या, साबणाचा अंश फेस मारतो. साधं पाणी, ओपनर, टॉवेल, वही-पेन. बस्स.

त्या खोलीत तासभर आधीपासून अगरबत्ती, धूप आणि डासांची कॉइल बंद. अत्तर लावून येणाऱ्या मित्राला आधीच सांगून ठेवा. तंबाखूचा बार भरलेल्या माणसाला या बिअरमधलं काही कळणार नाही, आणि आपल्या भागात हे आधी बोललेलं बरं. माणसं चार असली तर ७५० मिलीची एक बाटली पुरते. गरोदर बाई, कुठलं औषध चालू असलेला माणूस, किंवा प्यायचीच नसलेला कुणी असेल, त्याला आग्रह नको.

७. उघडणं, ओतणं, चाखणं

बर्फगार बिअरचा वास येत नाही आणि आंबटपणा तेवढा बोचतो. म्हणून फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं थांबा, मे महिन्यात दहा पुरेत. १० ते १३ अंश हवं.

तारेची जाळी सोडवताना अंगठा बुचावरून उचलू नका. बूच एका हातात घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नव्हे. ‘फट्ट’ आवाजाची हौस आवरा. ‘फुस्स’ झालं पाहिजे. फेस वर येताना दिसला तर बूच पुरतं काढू नका, मिनिटभर तसंच दाबून ठेवा.

ग्लास तिरका धरून एक तृतीयांशच भरा. सगळे ग्लास एकाच ओघात भरा, कारण बाटली आडवी-उभी केली की गाळ ढवळतो. शेवटचे दोन बोटं बाटलीतच राहू द्या. हा गाळ म्हणजे यीस्ट, त्यानं अपाय होत नाही, फक्त चव गढूळ होते. तो जपून घरी बिअर पाडायचा विचार कुणाच्या तरी डोक्यात येतोच. विनापरवाना मद्य तयार करणं गुन्हा आहे, तेवढं लक्षात घ्या.

आता घाई नको. ग्लास न हलवता एकदा हुंगा, मग हलकेच फिरवून पुन्हा. पहिला वास बहुधा सगळ्यात विचित्र असतो, दोन मिनिटांत तो बराच निवळतो. आधी काय ओळखू येतं ते वहीत लिहा, बोलू नका. एकानं “चामडं” म्हटलं की सगळ्यांना चामडंच यायला लागतं.

पहिला घोट अगदी लहान घ्या, तोंडभर फिरवा आणि गिळा. त्यावर मत बनवू नका. आंबटपणासाठी जीभ तयार नसते, तो घोट फक्त तिला सावध करण्यासाठी. खरी चव तिसऱ्या घोटाला लागते. तेव्हा क्रमानं बघा: आंबट कुठे लागतंय, निवळीसारखं कडांना की घशात? मागून तुरटपणा येतो का? फळ कुठलं, चेरी, बेदाणा, कच्ची कैरी? गिळल्यावर नाकातून श्वास सोडला की कडबा-चामडं येतं का? आणि कोरडेपणा किती वेळ टिकतो?

निम्मा ग्लास संपला की दहा-पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. बिअर जरा गरम झाली की वाइनचं लाकूड आणि फळ वर येतं. माझ्या अनुभवात बहुतेकांचं मत इथेच बदलतं. काहींचं बदलत नाही, आणि त्यातही काही बिघडलेलं नाही. ही बिअर आवडलीच पाहिजे असा नियम नाही.

८. मुरलेली की बिघडलेली?

*नेलपॉलिश रिमूव्हर.* तोच वास नाकात घुसत असेल तर पिंपात हवा जास्त गेली. थोडा असेल तर उडून जातो, नाहीतर बाटली संपली समजा.

*व्हिनेगर.* वाटीतला आठवा. घसा जळत असेल तर दोष आहे, त्याला ‘वाइनसारखी’ म्हणू नका.

*तार.* ओतताना बिअर तेलासारखी जड पडते, क्वचित तार धरते. हा पेडिओकॉकसचा प्रताप. ब्रेट काही महिन्यांत हे खाऊन टाकतं, म्हणजे बाटली लवकर भरली गेली. त्याच खेपेची दुसरी बाटली असेल तर सहा महिने विसरून जा.

*खवट लोणी, ओकारी.* ब्युटिरिक आम्ल. नको.

*शिळे चुरमुरे.* हा दोष सगळ्यात फसवा. हुंगताना काही येत नाही, घोटही ठीक जातो. गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी जिभेच्या मागे सादळलेल्या चुरमुऱ्यांची, उंदराच्या बिळाची चव उगवते. लाळेनं आम्लता कमी झाल्यावरच ती जाणवते, म्हणून उशीर होतो. काहींना ही चव कळतच नाही. तुम्ही तोंड वाकडं करताय आणि शेजारचा खुशीत पितोय, तर दोघंही खरं बोलताय.

*ओला पुठ्ठा.* बिअर जुनी झाली, किंवा डिकीत भाजली.

आणि दोष नसलेल्या, पण दोष वाटणाऱ्या गोष्टी: गढूळपणा, तळाचा गाळ, लवकर बसणारा फेस आणि जराशी गोठ्याची झाक.

९. सोबत काय खायचं

मिसळ नको, तांबडा रस्सा नको. तिखट आणि आंबट फसफस एकत्र आली की तोंडाला नुसती आग. सांगलीचं भडंग मला जीव की प्राण, पण त्यातला लसूण आणि तिखट या बिअरला जगू देत नाहीत. ते दुसऱ्या दिवशी खा.

स्निग्ध, खारट आणि सौम्य पदार्थ चालतात: लोण्याबरोबर थालीपीठ, मीठ लावलेले भाजके शेंगदाणे, चीज, कमी तिखटाचं मटण सुकं. आंबटपणा चरबी कापतो, म्हणून मटणाशी जमतं. बेल्जियममध्ये शिंपले आणि बटाट्याचे तळलेले काप घेऊन बसतात, त्यातले बटाटे तरी आपल्याकडे आहेत. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी असेल तर फ्लँडर्स रेडबरोबर जरूर. साताऱ्याचा कंदी पेढा मात्र बाजूला ठेवा, गोडावर बिअर दुप्पट आंबट लागते.

१०. उठताना

उरलेली बिअर बूच लावून ठेवण्यात अर्थ नाही. हवा लागली की दुसऱ्या दिवशी फसफस गेलेली असते, आणि चुरमुऱ्यांचा तो दोष तेव्हाच डोकं वर काढतो. मटण मुरवायला मात्र वाटीभर वापरून बघा.

“एक बाटली चौघांत, काय चढणार” म्हणत गाडीची किल्ली उचलू नका. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मिरजेला जायचं असेल तर रिक्षा सांगा, किंवा ज्याच्या घरी बसलात त्याच्याकडेच झोपा.